श्रावणभाऊंच्या गाडीची हवा

पुण्याहून लेकीनं पाठवलेला डबा उघडला तेव्हा श्रावणभाऊंना वाटलं, दाढीचं मशीन आहे. नलूबाईंना वाटलं, बीपीचं आहे. कारण त्याला नळी होती आणि आकडे दिसायची काच होती, आणि या दोन गोष्टी ज्या मशीनला असतात ते माणसाचं काहीतरी वाढलेलंच दाखवतं, असा त्यांचा दवाखान्यातला अनुभव होता. त्यांनी नळी नवऱ्याच्या दंडाला गुंडाळली आणि बटण दाबलं. मशीन चढावर अडकलेल्या ट्रॅक्टरसारखं ओरडलं. श्रावणभाऊ पलंगावरून उठले ते थेट अंगणात जाऊनच थांबले.

आवाज ऐकून शेजारचे सदाशिवराव कुंपणावरून डोकावले. सदाशिवराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत काहीही घडलं तरी ते आधी त्यांच्या नजरेखालून गेलं पाहिजे, असा नियम होता. तो त्यांनी स्वतःच केला होता.

"कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "आधी माहितीपुस्तक वाचलं पाहिजे."

माहितीपुस्तकात मराठी सोडून जगातल्या सगळ्या भाषा होत्या. सदाशिवरावांनी ते चष्मा वर-खाली करत शेवटपर्यंत चाळलं, मग मागून पुढं चाळलं आणि निर्णय दिला, "दम्याचं आहे. वाफ घ्यायचं."

"मले दमा नाही," श्रावणभाऊ अंगणातून म्हणाले.

"होईल. लेक पुढचा विचार करून पाठवते."

श्रावणभाऊंना दमा होणार हे जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात पुण्याहून दीपाचा फोन आला. "बाबा, ते गाडीच्या टायरात हवा भरायचं मशीन आहे. चार्ज करायचं, नळी लावायची, बटण दाबायचं. आता रोज सकाळी हवेसाठी जलालचाचाच्या दुकानापर्यंत जायची दगदग नाही."

सगळे हसले. श्रावणभाऊही हसले. पण दगदग हा शब्द त्यांना खटकला.

कारण असं की, श्रावणभाऊंच्या मोटरसायकलच्या पुढच्या टायरची हवा रोज रात्रीतून उतरायची. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म काढल्यावर ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांची सकाळ ठरलेली होती. आंघोळ, चहा, आणि डुगडुगत्या गाडीवरून आर्णीच्या दिग्रस रस्त्यावर जलालचं पंक्चरचं दुकान. जलाल हवा भरायचा. हवेचे पैसे तो ओळखीच्या माणसाकडून घेत नसे. "हवा अल्लाची, वीज बोर्डाची," म्हणायचा, "माह्या बापाचं काय जाते?" हवा भरायला दोन मिनिटं लागत. मग दुकानासमोर आडव्या टाकलेल्या ट्रॅक्टरच्या जुन्या टायरावर पोतं अंथरून श्रावणभाऊ बसत, आणि दोघं मिळून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीबद्दल आणि तिच्या मालकाबद्दल मत देत. जेवायची वेळ झाली की उठत. एवढीच दगदग होती.

तर मशीनची चाचणी झाली. सगळी गल्ली जमली. काचेवर आकडा चढत चढत अठ्ठावीसवर गेला आणि मशीन आपोआप थांबलं. लोकांनी टायर दाबून पाहिला. काहींनी लाथ मारून पाहिला. सदाशिवराव मात्र गुडघ्यावर बसून हवा भरतात त्या वॉलचं तोंड न्याहाळत होते.

"रोज हवा उतरते म्हणजे गळती आहे," ते म्हणाले. "आमच्या खात्यात कालव्याला गळती असली की पाणी कुठं जातं ते आधी बघायचे."

"मंग बंद करायचे?" श्रावणभाऊंनी विचारलं.

"नाही. बघायचे." त्यांनी बोटावर थुंकी घेऊन वॉलच्या तोंडाला लावली. थुंकीचा बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. "हे बघा! वॉलची पिन गेलेली आहे. एवढीशी पिन. बदलायला पाच मिनिटं लागत नाहीत. जलाल एवढा जुना कारागीर, त्याला हे इतकी वर्षं दिसलं नाही?"

"त्याले काय फायदा?" श्रावणभाऊ म्हणाले. "तो हवेचे पैसेच घेत नाही."

सदाशिवरावांनी आवाज खाली आणला. "फायदा दिसत नाही, म्हणजे फायदा मोठा आहे."

 जलालचा तो मोठा फायदा कोणता, यावर गल्लीत संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. एकजण म्हणाला, हवा कमी-जास्त भरून तो टायर लवकर झिजवतो आणि नवीन टायर विकतो. पण जलाल टायर विकतच नव्हता. दुसरा म्हणाला, रिकामं दुकान बरं दिसत नाही म्हणून त्यानं श्रावणभाऊंना गिऱ्हाईक म्हणून पुढं बसवलं होतं, कापडवाले पुतळा ठेवतात तसं. हे श्रावणभाऊंना फार लागलं. ज्या माणसानं भरलेल्या गाडीत उभ्या उभ्या हिशोब केला, त्याला पुतळा म्हणणं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी ते जलालच्या दुकानी गेले. मशीन पिशवीत होतं. आधी ते काढून दाखवावं, जलालनं कौतुक करावं, आणि मग हसत हसत पिनेचा विषय काढावा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण दुकानात गिऱ्हाइकं होती, आणि गिऱ्हाइकं दिसली की श्रावणभाऊंचा आवाज आपोआप शेवटच्या सीटपर्यंत जाईल एवढा व्हायचा.

"काहून रे जलाल," ते म्हणाले, "वॉलची पिन गळून राह्यली, हे तुले इतके दिवस दिसलं नाही?"

 जलालनं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडली. समोरच्यावर जीव असला की तो वऱ्हाडी बोलायचा आणि माणूस मनातून उतरला की हिंदी.  पान्हा घेऊन गाडीपाशी आला, जुनी पिन काढली, नवी घातली, हवा भरली, बोटावर थुंकी घेऊन लावली. बुडबुडा आला नाही.

"लो," तो म्हणाला. "अब नहीं उतरेगी. अब आने की जरूरत नहीं."

श्रावणभाऊ घरी आले तेव्हा त्यांच्याकडे हवा भरायचं विजेचं मशीन होतं, आणि हवा कधीच न उतरणारा टायर होता. दोन्ही एकदम मिळालेला माणूस आर्णी तालुक्यात दुसरा नसेल.

पुढचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी श्रावणभाऊ मोठ्या आशेनं टायरला मशीन लावून पाहत. अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठ्ठावीस. आपलं काम चोख करणाऱ्या वस्तूचा इतका राग येऊ शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं. ते ओसरीवर बसत, तर नलूबाई झाडायला येत. घरात बसत, तर नलूबाई पुसायला येत. निवृत्त माणूस हा घरातल्या सामानापैकी असतो, पण हलवावा लागणारा, असं त्या एकदा तोंडावर म्हणाल्याही.

एकदा ते भाजी आणायच्या निमित्तानं दिग्रस रस्त्यावरून गेले. भाजीबाजार दुसऱ्या टोकाला होता ते सोडा. त्यांनी पाहिलं तर ट्रॅक्टरच्या टायरावर, त्यांच्या पोत्यावर, सदाशिवराव बसलेले. जलालचा मोठा फायदा कोणता याची चौकशी करायला म्हणून गेले होते, ते तिथंच राहिले. पेपर वाचत होते. मोठ्यानं वाचत होते. जलाल घमेल्यात ट्यूब बुडवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दाढदुखीसारखं काहीतरी होतं.

श्रावणभाऊ घरी आले. भाजीची पिशवी रिकामी होती.

"माह्या जागेवर तो बसला," ते म्हणाले.

नलूबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले एक सांगा. इतका जुना कारागीर, त्याले गळकी पिन दिसत नव्हती का?"

"तेच तं मी इचारलं त्याले!"

"इचारायचं नव्हतं ते. पिन बदलली असती तं तुम्ही रोज गेले असते का?"

श्रावणभाऊ रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले. गाडी डेपोत लागल्यावर एखादा प्रवासी झोपेतून जागा होऊन विचारतो, आपला थांबा मागं गेला का, तसं त्यांचं तोंड झालं होतं. जलालकडे जाऊन चूक झाली म्हणावं, हे सगळ्यांत सोपं. पण ते चारचौघांत बोलले होते, तेव्हा माफीही चारचौघांत मागावी लागणार, आणि त्या चौघांत पेपर घेतलेले सदाशिवराव असणार. नाही. जायचं तर कामानं जायचं. टायरची हवा गेली म्हणून जायचं. आणि टायरची हवा आता स्वतः होऊन जाणार नव्हती.

ज्या साली हे घडलं त्या साली कापसाचं काही खरं नव्हतं. अर्धी बोंडं अळीनं खाल्ली होती, उरलेली वेचणीच्या वेळी अवकाळी पावसानं भिजवली होती. भाव असा पडला होता की लोक त्याचं नाव घेताना शिवी कोणती द्यावी हे आधी ठरवत. जलालच्या दुकानासमोर जिनिंग मिलचं फाटक होतं, आणि आत कापसाचं खरेदी केंद्र. बैलबंड्या, ट्रॅक्टर, पिकअप यांची रांग फाटकापासून पार वळणापर्यंत जायची. आत गुलाबसिंग नावाचा ग्रेडर ओलाव्याचं मशीन घेऊन उभा असायचा. मशीनची दांडी कापसात खुपसायची, काचेवर आकडा यायचा, आणि त्या आकड्यावर कापूस घ्यायचा की परत पाठवायचा की भाव कापायचा हे ठरायचं. गुलाबसिंगच्या मशीनचा आकडा कधी खाली आलेला कोणी पाहिला नव्हता. लोक म्हणायचे, ते मशीन पाण्याच्या माठात ठेवत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणभाऊ गाडी आणि मशीनची पिशवी घेऊन निघाले. हवा घरी काढता येत नव्हती, कारण मग दुकानापर्यंत गाडी ढकलावी लागली असती. दुकानासमोरही काढता येत नव्हती. म्हणून त्यांनी रांगेतल्या एका पिकअपच्या आडोशाला गाडी उभी केली. पिकअपमध्ये कापूस इतका ठासून भरला होता की दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. त्या लोंबत्या कापसाखाली वाकून त्यांनी वॉलचं टोपण काढून खिशात टाकलं आणि काडीनं पिन दाबली. फुस्स.

आता हवा किती काढायची हाही प्रश्न होताच. सगळी काढली तर जलाल म्हणणार, पंक्चर आहे, आणि पंक्चर शोधायला लागणार. थोडी काढली तर म्हणणार, चालते, जा. तेव्हा हवा नेमकी इतकी उतरली पाहिजे की ती आपली आपण उतरल्यासारखी दिसावी. यासाठीच त्यांनी मशीन आणलं होतं. काडीनं थोडी हवा काढायची, नळी लावून आकडा पाहायचा, पुन्हा थोडी काढायची. काचेवर आकडा लालभडक पेटला होता. पंचवीस. बावीस.

"बावीस?" वरून आवाज आला.

पिकअपमधल्या कापसावर भुरीबाई बसली होती. पलीकडच्या तांड्यावरची बाई. आदल्या दिवशीपासून रांगेत होती. कापसाच्या फुगवट्यामुळं तिला खालचा टायर दिसत नव्हता. दिसत होता तो इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस, तिच्या कापसाखाली लपून बसलेला, हातात काचेचं मशीन आणि मशीनची नळी कापसाच्या दिशेनं गेलेली. भुरीबाईला अक्षर येत नव्हतं. पण ओलाव्याचा आकडा त्या साली रांगेतली शेंबडी पोरंसुद्धा वाचत होती.

"ओ साहेब, बावीस काहून दाखवून राह्यले? घरी आठ दिवस उन्हात टाकलता मी हा!"

"मी साहेब नाही, बाई."

"सगळे असेच म्हणतात." ती खाली उतरली. "लपून मोजून राह्यले तुम्ही. समोर मोजा!"

आता श्रावणभाऊंनी सांगायला हवं होतं की, बाई, हे टायरात हवा भरायचं मशीन आहे आणि मी माझ्याच गाडीची हवा काढतो आहे. वाक्य सोपं होतं. पण ते मोठ्यानं म्हणायचं, तर मागं पुढं रांग होती आणि रस्त्यापलीकडे जलाल होता. एवढ्या लोकांत असं म्हणणाऱ्या माणसाला आर्णीत पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नसती. साहेब समजणारी बाई परवडली.

त्यांनी विचार पुरा करण्याआधीच भुरीबाईनं नळी टायरवरून ओढून कापसात खुपसली. काचेवरचा आकडा गेला आणि शून्य आलं.

भुरीबाईनं शून्याकडे पाहिलं. मग श्रावणभाऊंकडे. मग रांगेकडे तोंड करून ती ओरडली, "शून्य! सरकारी मशीनमधे मह्या कापसाले शून्य ओलावा हाय!"

रांग फुटली. बंड्या सोडून, ट्रॅक्टर सोडून लोक धावत आले. "साहेब, माह्या बंडीचा पाहा." "साहेब, इकडं या, मी कालपासून उपाशी हाय." कोणी पिशवी धरली, कोणी बाही. चारी बाजूंनी गर्दी दाटली, आणि श्रावणभाऊंच्या तोंडून जन्मभराच्या सवयीनं शब्द निघून गेले.

"एकेक जण! एकेक जण! मागच्यानं ढकलू नका! लहान मुलांना मधी घ्या!"

गर्दी क्षणात सरळ रांगेत उभी राहिली. संपलं. साहेब असल्याशिवाय असा आवाज निघत नाही, याबद्दल आता कोणालाच शंका उरली नाही.

पुढं श्रावणभाऊ एकेका गाडीशी गेले. ते स्वतः काही करत नव्हते, लोकच नळी कापसात खुपसत होते. शून्य. इथंही शून्य. एकाच्या बंडीत बैलानं मुतलं होतं, तिथंही शून्य. लोक त्या मशीनच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते. कोणीतरी म्हणालं, खरं मशीन यवतमाळला असते, इथं कधी आणतच नाहीत.

गुलाबसिंग फाटकातून बाहेर आला. मिशी मोठी, आवाज मोठा, पण इस्त्रीच्या शर्टापुढं त्यानं तो जरा जपून वापरला.

"नमस्कार साहेब. कोणत्या ऑफिसकडून?"

"मी रिटायर आहे," श्रावणभाऊ म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

गुलाबसिंगचा चेहरा उतरला. चौकशीला रिटायर माणूस पाठवला म्हणजे काम गंभीर आहे. "आधी कुठं होते साहेब?"

"यवतमाळ विभाग."

"चेकिंगमधे?"

"चेकिंगमधे नाही. पण चेकिंगवाल्यांशी रोजचाच संबंध."

गुलाबसिंगनं चहा मागवला. खुर्ची मागवली. खुर्ची भर रस्त्यात मांडली गेली आणि श्रावणभाऊ तिच्यावर बसले. बसल्या जागेवरून त्यांना जलालचं दुकान दिसत होतं. जलाल हातातलं काम थांबवून इकडंच पाहत होता. सदाशिवराव पेपरच्या वरून पाहत होते. श्रावणभाऊंनी चहाचा घोट घेतला आणि तो चुकीच्या नळीत गेला.

पण गुलाबसिंग कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सगळा कापूस शून्यावर गेला तर त्याच्या मशीनचं काय व्हायचं? त्यानं कापसाचा एक पुंजका उचलला, पाण्याची बाटली त्यावर उपडी केली आणि पिळता येईल एवढा भिजवून श्रावणभाऊंसमोर धरला. "साहेब, हा पाहा बरं एकदा."

भुरीबाईनं मोठ्या विश्वासानं नळी खुपसली. शून्य.

पुंजक्यातून पाणी टपकत होतं आणि काचेवर शून्य होतं. लोकांच्या माना पाण्याकडून शून्याकडे आणि शून्याकडून पाण्याकडे फिरल्या. कुणीतरी म्हणालं, बटण दाबा, बटण राहिलं. कुणीतरी दाबलं. मशीन ओरडलं, नळी सापासारखी वळवळली आणि ओल्या कापसाचा एक गोळा उडून गुलाबसिंगच्या मिशीला चिकटला.

गुलाबसिंगनं गोळा काढला. "हे तं हवा भरायचं मशीन होय," तो सावकाश म्हणाला. "माह्या जावयाच्या गाडीत हाय असं." आणि मग आवाजाची सगळी जपणूक सोडून, "कोण आहेस बे तू? कापसाच्या लाइनीत हवेचं मशीन घेऊन कायले फिरून राह्यला? फोन लावा रे ठाण्यात!"

लोकांनाही आता राग आला. आता आतापर्यंत त्यांच्या कापसाला शून्य ओलावा होता, आणि तो या माणसानं दिला आणि यानंच परत घेतला. रांगेची गर्दी झाली. भुरीबाई पुढं आली. "बोल भाऊ," ती म्हणाली, आणि साहेबाचा भाऊ झालेला श्रावणभाऊंना ऐकू आला. "मह्या गाडीखाली काय करत होता?"

श्रावणभाऊंनी तोंड उघडलं. ओठांवर ते सोपं वाक्य आलं. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत, हात पोत्याला पुसत जलाल आला.

जलालनं आधी श्रावणभाऊंकडे पाहिलं नाही. त्यानं गाडीकडे पाहिलं. अर्धा बसलेला पुढचा टायर पाहिला. वॉलला टोपण नव्हतं. श्रावणभाऊंच्या शर्टाच्या खिशातून टोपणाचं काळं बूड दिसत होतं आणि बोटांत काडी तशीच होती. जलालनं तिन्हींकडे सावकाश पाहिलं. मग तो वळून गुलाबसिंगला म्हणाला,

"साहेबाच्या गाडीची हवा कोणं काढली?"

गुलाबसिंग म्हणाला, "मंजे?"

"मंजे काय? चांगल्या गाडीवर आले साहेब. आता पाह्य टायर. तुमच्या फाटकापुढं, तुमच्या माणसांत, चौकशीले आलेल्या माणसाची हवा काढून घेता? परत जाऊ नये म्हणून? अशा जागी फिरणाऱ्यानं सोबत हवेचं मशीन नाही ठेवायचं तं काय ठेवायचं?"

जलाल वऱ्हाडी बोलत होता. ठाण्याचा फोन, गुलाबसिंग, गर्दी, हे सगळं श्रावणभाऊंच्या कानावरून गेलं. जलाल वऱ्हाडी बोलत होता एवढंच ऐकू आलं.

"पण मशीन शून्य..." गुलाबसिंग म्हणाला.

"लाइनभर शून्य दाखवलं आन् तू चहा पाजला, खुर्ची देली. साहेबानं हेच पाह्यलं ना! माणूस किती मोठा, ते पाहून तू मान हालवते. आता तुह्यं मशीन आण बरं बाहीर. सगळ्यांदेखत लाव."

गुलाबसिंगनं मशीन आणलं.  भुरीबाईच्या कापसात दांडी घातली. लोकांनी माना पुढं केल्या. आकडा आला तो नियमात बसणारा होता. बहुतेक मशीनच घाबरलं असेल. पिकअप फाटकातून आत गेली, आणि तिच्या मागून रांग हलली.

जलाल मोटरसायकल ढकलत रस्ता ओलांडत होता. श्रावणभाऊ पिशवी घेऊन शेजारून चालले होते. दोघंही समोर पाहत होते.

"किती काढली?" जलालनं विचारलं.

"अर्धी."

"पूर्ण काढायची. अर्ध्या हवेवर चालवली की रिम खराब होते."

"ते मले माहीत नव्हतं."

"इचारायचं."

दुकानाशी आल्यावर जलाल म्हणाला, "सदाशिवराव, उठा. साहेब बसतात." सदाशिवरावांनी आयुष्यभर हा हुकूम पाळला होता. ते वाक्य कानावर पडताच पेपरसकट उठले, आणि उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साहेब म्हणजे श्रावण. पण तोवर श्रावणभाऊ बसलेही होते.

दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊ गेले नाहीत. आता कोणत्या तोंडानं जायचं? तर दुपारी जलालचा फोन. "कुठं हाय? तू दिसत नाही म्हणून त्या गुलाबसिंगचा आकडा पुन्हा वर चढून राह्यला. भुरीबाईची बहीण लाइनीत हाय. इस्त्रीचा शर्ट घालून ये."

श्रावणभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ट्रॅक्टरच्या टायरावर बसले. पिशवी मांडीवर ठेवली. त्यांनी काही केलं नाही, कोणाला काही विचारलं नाही. फक्त फाटकाकडे पाहत बसले. गुलाबसिंगनं दांडी कापसात घालायच्या आधी एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि आकडा खाली आला. संध्याकाळपर्यंत एकही गाडी परत गेली नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी साहेब येऊन बसले की रांगेत कुजबुज व्हायची. गुलाबसिंग चहा पाठवायचा. तो चहा जलाल प्यायचा, कारण साहेबानं ग्रेडरचा चहा घेणं बरोबर नाही असं जलालचं मत होतं. श्रावणभाऊंना मोठ्यानं हसायची सोय राहिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरची मतं त्यांना ओठ न हलवता द्यावी लागत. सदाशिवराव गल्लीत सांगत फिरत की या नेमणुकीचा आदेश त्यांनी पाहिला आहे, फक्त त्याबद्दल बोलायची त्यांना परवानगी नाही. नलूबाईंना शर्टाच्या इस्त्रीचं काम वाढलं. पण झाडताना ओसरी रिकामी मिळत होती, त्यामुळं त्या काही बोलल्या नाहीत.

एका रविवारी केंद्राला सुट्टी होती. फाटकाला कुलूप. रस्त्यावर एकही बंडी नाही, फक्त आठवडाभर सांडलेला कापूस कडेच्या बाभळींना अडकून हलत होता. श्रावणभाऊ आपल्या वेळेला आले. टायरात हवा होती. शर्टाला इस्त्री नव्हती.

जलालनं फाटकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आज तं केंद्र बंद हाय," तो म्हणाला. "तू काहून आला?"

श्रावणभाऊंनी पोतं झटकलं आणि बसले.

"बंदच हाय का, ते पाहाले आलो."

जलालनं घमेल्यातलं हात धुतलेलं पाणी रस्त्यावर फेकलं आणि तो शेजारी टेकला.

"मंग नीट पाह्य," तो म्हणाला. "घाई नको करू."